पाचव्या भागाची मजा आणि आपली भीती

माझी नात आठवीत शिकते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतून तिच्या हाती एक चिठ्ठी आली. मजकूर तीन ओळींचा होता. मुलगी वर्गात अवांतर पुस्तक आणते, पुस्तक जादूटोण्याचे आहे, पालकांनी लक्ष घालावे. पुस्तक वर्गशिक्षिकेच्या कपाटात जमा झाले होते. ते होते हॅरी पॉटर मालिकेतल्या पाचव्या भागाचे मराठी भाषांतर. पहिले चार भाग तिने आधीच्या दीड वर्षात, कधी वाचनालयातून तर कधी मैत्रिणींकडून मागून आणून वाचले होते. पाचव्याचे वाचनही अर्ध्याच्या पुढे गेले होते.

सून घाबरली. तिने मुलीला दोन शब्द सुनावले. माझा मुलगा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अब्बा, आता तुम्हीच सांगा, काय करायचं."

त्याच्या बोलण्यातली खोच मला कळली. २००३ सालच्या जूनमध्ये हाच पाचवा भाग इंग्रजीत बाहेर पडला, तेव्हा हा मुलगा चौदा वर्षांचा होता. काही महिन्यांनी मित्राकडून त्याने ती जाडजूड प्रत आणली. साडेसातशेच्या वर पाने. मी ती पाहिली आणि त्याला समोर बसवून तासभर व्याख्यान दिले. आपला समाज कुठे आहे, जग कुठे चालले आहे, आणि तू झाडूवर बसून उडणाऱ्या पोरांच्या गोष्टी वाचतोस! दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तक न वाचता परत केले. तो पुढे शिकला, नोकरीला लागला, चांगला माणूस झाला. पण त्यानंतर त्याच्या हातात कादंबरी मी कधी पाहिली नाही. तेव्हा मला हा आपला विजय वाटला होता.

म्हणून आज जे लिहितो आहे, ते आधी माझ्या स्वतःच्या विरुद्ध आहे आणि मग माझ्यासारख्या सगळ्या शहाण्यांच्या विरुद्ध.

आपल्या मोहल्ल्यात, आपल्या शाळांत आणि खरे सांगायचे तर आपल्या साहित्यिक मंडळींतही अशा पुस्तकांवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला दीनी. जादू हराम, म्हणून जादूची गोष्टही नको. दुसरा पुरोगामी. आपल्यापुढे गरिबी, दंगली, तलाक, बेकारी असे जळते प्रश्न असताना हे पलायन कशाला? तिसरा घरगुती. दहावीचे वर्ष जवळ आले, यातले परीक्षेत काय येणार? मौलवीसाहेब, कार्यकर्ते आणि शिकवणीवाले सर एरवी एका सतरंजीवर बसत नाहीत. या एका मुद्द्यावर मात्र तिघांचे एकमत असते. ज्या गोष्टीवर या तिघांचे एकमत होते, तिच्याकडे मी आता जरा संशयाने पाहतो.

आक्षेपांना उत्तर देण्याआधी ती मुलगी काय वाचत होती ते पाहू. आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पुस्तक उघडलेले नसते. मीही उघडले नव्हते. चिठ्ठी आल्यावर वाचनालयातून पहिला भाग आणला, मग पुढचे. पाचव्यापर्यंत यायला मला दोन महिने लागले.

पहिल्या भागात सगळे नवे असते. अनाथ मुलगा, त्याला छळणारे मावशी-काका, जादूची शाळा, तीन मित्र. छान आहे, पण परीकथा म्हणून ओळखीचे आहे. पाचव्या भागात तो मुलगा पंधरा वर्षांचा झालेला असतो आणि त्याच्या नाकावर सतत राग असतो. दुष्ट जादूगार परत आला आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे, पण सरकार ते मानायला तयार नाही. रोजचे वर्तमानपत्र त्याला खोटारडा आणि प्रसिद्धीला हपापलेला ठरवते. शाळेत सरकारी माणूस म्हणून एक बाई येते. गुलाबी कपडे, गोड आवाज, भिंतीवर मांजरांच्या चित्रांच्या बशा. ती मुलांना संरक्षणाची विद्या शिकवायच्या ऐवजी नुसते पुस्तक वाचायला लावते. तिच्या शिक्षेची लेखणी अशी की कागदावर लिहावे आणि अक्षरे लिहिणाऱ्याच्या हातावर कोरली जावीत. ती दर आठवड्याला नवे फर्मान काढते. मुले शेवटी एका गुप्त खोलीत जमतात आणि एकमेकांना शिकवतात. अखेरीस मुलाचे ज्याच्यावर वडिलांसारखे प्रेम होते तो माणूस मरतो, आणि त्यात मुलाच्या स्वतःच्या चुकीचा वाटा असतो.

मधली काही प्रकरणे लांबली आहेत. मुलाची आरडाओरड कधीकधी कंटाळा आणते. नातीलाही तसेच वाटले. ती म्हणाली, "दादा, तो सारखा ओरडतो, मला राग येतो त्याचा. पण मला माहितीय तो असा का झालाय." हे दुसरे वाक्य पहिल्या भागाचा वाचक बोलू शकत नाही. त्यासाठी चार भाग त्या पोरासोबत काढलेले असावे लागतात. शेजारच्या घरातला मुलगा लहानाचा मोठा होताना पाहिलेला असला की त्याच्या उर्मटपणावर आपण वेगळ्या रीतीने चिडतो. मालिकेतल्या पुढच्या भागाची मजा ही अशी आहे. तिथे ओळखी करून घ्यायच्या नसतात, ओळखीच्यांकडे जायचे असते. जिना कुठे वळतो, कोणते दार कुठे उघडते, कोणता मास्तर कशावर चिडतो, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते. लेखकाने नुसते नाव घेतले तरी पुरते.

आणखी एक गोष्ट. पहिला भाग मुलाच्या हातात कुणीही ठेवतो. वाढदिवसाला मिळतो, बक्षिसात मिळतो, सिनेमा पाहून घेतला जातो. पाचवा भाग कुणी कुणाला देत नाही. तिथवर वाचणारा स्वतःच्या पायांनी चालत गेलेला असतो. त्या मुलीने दीड वर्ष मागून आणून, वाट पाहून, अभ्यास सांभाळून तिथवर मजल मारली होती. कपाटात बंद झाली ती ही मजल. म्हणून मला ती चिठ्ठी साधी वाटली नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळे विलायती चोचले. आपल्याकडे हे कुठे होते? या प्रश्नाला मात्र मी नुसती मान हलवून सोडणार नाही.

मिरजेत माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका दर्ज्याचे दुकान होते. ईदच्या आधीचा महिना सोडला तर संध्याकाळी काम कमी असायचे. मशीन थांबले की तो खालच्या फळीवरून एक उर्दू ग्रंथ काढायचा. पुढची पाने गेलेली, मागची गेलेली, पुठ्ठा नाही, सुतळीने बांधलेला. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा कुठला तरी पुढचा खंड. तो वाचायचा आणि आम्ही पाचसहा पोरे उंबऱ्यावर बसायचो. आम्ही विचारायचो, हा अफरासियाब कोण? हा अमर कुठून आला? तो चष्मा वर करून म्हणायचा, "सुनते बैठो, समझता अपने आप." आणि खरेच समजायचे. अफरासियाब हा जादूगारांचा बादशहा. अमर अय्यार हा अमीर हमजाच्या बाजूचा, वेष पालटणारा, लबाड, लोभी आणि सगळ्यांचा लाडका. त्याच्याजवळ एक झोळी, जंबील, जिच्यात अख्खी दुनिया मावते. एक कांबळे, गिलीम, जे पांघरले की माणूस दिसेनासा होतो. पुढे साठ वर्षांनी हॅरी पॉटरचा अदृश्य करणारा झगा वाचला तेव्हा मला नवल वाटले नाही. मी तो उंबऱ्यावर बसून पाहिला होता.

त्या सुतळीच्या ग्रंथाची हकीकत मोठी आहे. अमीर हमजाची दास्तान शतकानुशतके तोंडी सांगितली जात होती. अकबर बादशहाने सोळाव्या शतकात तिची सुमारे १४०० चित्रे काढवून घेतली. लखनौत मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली छापखाना काढला. माणूस हिंदू, भार्गव घराण्यातला. त्याच छापखान्यात कुरआन शरीफ छापला जाई, पुराणांचे उर्दू तर्जुमे छापले जात, आणि १८८० च्या दशकापासून १९१७ पर्यंत तिथेच या दास्तानचे ४६ खंड निघाले. चाळीस हजारांच्या वर पाने. जगात एवढी लांब अद्भुत मालिका शोधून सापडणे कठीण. त्यातले ‘होशरुबा’ हे सात खंडांचे प्रकरण सर्वांत गाजले. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले. मग छापखान्याशी त्यांचे बिनसले. पाचव्या खंडापासून लेखणी अहमद हुसेन कमर यांच्या हाती गेली आणि पाचवा खंड इतका वाढला की दोन भागांत छापावा लागला. जाह सरस की कमर, हा वाद उर्दूचे रसिक अजून घालतात. म्हणजे बघा, पाचव्या भागावर हुज्जत घालणे ही काही विलायतेहून आलेली सवय नव्हे. आपल्या पणजोबांनी ती मनसोक्त केली आहे.

आणि हे वाचणारे रिकामटेकडे होते असे समजू नका. मिर्झा गालिबच्या एका पत्रात हमजाच्या दास्तानचा आणि ‘बोस्तान-ए-खयाल’चा असे दोन जाड ग्रंथ हाती आल्याचा आनंद नुसता ओसंडतो. दिवसभर वाचत बसतो असे तो कळवतो. रात्रीचा बेतही कळवतो, तो मी इथे सांगत नाही. मुन्शी प्रेमचंदांनी आपल्या पहिल्या लेखनाची आठवण सांगताना लिहिले आहे की तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात बसून होशरुबाचे भागच्या भाग वाचून काढले. होशरुबा वाचून कुणी बिघडतो म्हणणाऱ्याने प्रेमचंदांकडे पाहावे. देवकीनंदन खत्रींनी १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ लिहिली, तीत अय्यार आले, तिलिस्म आले. तिची पुढची ‘संतती’ चोवीस भागांत गेली. १९९४ साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ लागली तेव्हा रविवारी आपल्या मोहल्ल्यातले रस्ते ओस पडत. तेव्हा क्रूरसिंगाच्या नकला करणाऱ्या पोरांना हे हराम आहे असे कुणी म्हणाले नाही. टीव्हीवर चालते, पुस्तकात चालत नाही, हा कुठला न्याय?

दख्खनची गोष्ट घ्या, म्हणजे आपल्या घराची. विजापूरच्या नुसरतीने सतराव्या शतकात ‘गुलशन-ए-इश्क’ लिहिले, गोवळकोंड्याच्या गव्वासीने त्याच शतकात ‘सैफुल मुलूक व बदीउल जमाल’ रचले. पऱ्या, देव, समुद्र, हरवलेले शहजादे. भाषा तीच दख्खनी, जी थोडी मोडून आपण अजून घरात बोलतो. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी आणल्या, त्या पिढ्यान्पिढ्या वाचल्या गेल्या. म्हणजे उर्दूच्या बाजूने या, दख्खनीच्या बाजूने या किंवा मराठीच्या बाजूने या, अद्भुत गोष्ट आपल्या ओसरीवर आधीपासून बसलेली आहे. झाडूवरून उडणाऱ्या पोराला परका म्हणणाऱ्यांनी उडत्या गालिच्याचे काय करायचे ते आधी सांगावे.

मग आपल्याला तिची लाज कधी वाटू लागली? याचे उत्तर एका कादंबरीतच आहे. डिप्टी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’ १८७४ ची. पटकीच्या आजारातून उठलेला नसूह स्वप्नात कयामतचा हिशेब पाहतो, तौबा करतो आणि घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम ऐकत नाही, घर सोडून जातो. मग बाप त्याच्या खोलीत शिरतो, तिथली किस्से-कहाण्यांची आणि शायरीची सुंदर बांधणीची पुस्तके काढतो आणि जाळून टाकतो. लेखक नसूहच्या बाजूचा आहे. इंग्रज सरकारने या कादंबरीला बक्षीस दिले.

नजीर अहमदांना मी कमी लेखत नाही. मुलींनी शिकावे म्हणून १८६९ साली ‘मिरात-उल-उरूस’ लिहिणाऱ्या माणसाचे ऋण मोठे आहे, आणि कलीमचे पात्र त्यांनी इतके जिवंत उभे केले की वाचक नसूहला विसरतो आणि कलीमला लक्षात ठेवतो. पण १८५७ नंतरच्या त्या पराभवाच्या काळात एक विचार आपल्या डोक्यात रुतला. आपण हरलो, कारण आपण गोष्टी ऐकत बसलो. आता प्रत्येक पान उपयोगाचे हवे. हालींनी १८९३ च्या ‘मुकद्दमा’त शायरीलाही याच तराजूत घातले. घाव ताजा होता, त्यांचे चुकले असे सहज म्हणता येत नाही. पण त्याला दीडशे वर्षे होत आली. आपण अजून नसूहची काडेपेटी खिशात घेऊन फिरतो आणि तिला परंपरा म्हणतो. आपली परंपरा कलीमच्या कपाटात होती. २००३ साली मी माझ्या मुलाचे पुस्तक जाळले नाही, एवढाच माझ्यात आणि नसूहमध्ये फरक.

आता आक्षेपांकडे येतो.

जादू करणे दीनमध्ये मना आहे. बरोबर, यात वाद नाही. पण जादूची गोष्ट वाचणे म्हणजे जादू करणे नव्हे. फिरऔनच्या जादूगारांचा प्रसंग कुरआनात आहे. त्याची आणि कादंबरीची बरोबरी मी मुळीच करत नाही. एवढेच म्हणतो की उल्लेख आणि आचरण यांतला फरक आपल्या बुजुर्गांना नीट कळत होता. होशरुबात जादूगार हे शत्रू आहेत, हमजा जादू करत नाही, त्याच्यापाशी इस्म-ए-आजम आहे. पण त्याच गोष्टीत महरुख आणि बहार या जादूगारिणी अफरासियाबला सोडून या बाजूला येतात आणि आपल्या जादूसकट लढतात. दास्तान सांगणारे आणि ऐकणारे नमाजी लोक होते. त्यांचा ईमान एवढा नाजूक नव्हता की गोष्टीने तडा जावा. आज आपला तेवढा नाजूक झाला असेल, तर दोष गोष्टीचा नाही.

पुरोगामी मित्रांचा आक्षेप मला जास्त लागतो, कारण मी त्यांच्यातलाच. आमच्या चळवळीतल्या एका जुन्या स्नेह्याला ही हकीकत सांगितली तर तो म्हणाला, "आपल्या पोरांना हे परवडत नाही. ज्यांना भाड्याने घर मिळत नाही त्यांनी जादूच्या शाळेत काय करायचं?" मी लगेच वकिली सुरू केली. म्हटले, अरे, त्या पाचव्या भागात सत्य सांगणाऱ्या मुलाला वर्तमानपत्र खोटारडा ठरवते, सरकार चौकशीला उभे करते. आपल्या पोरांना हे कळणार नाही तर कुणाला कळेल? त्यातली ती गुलाबी बाई त्या मुलाची मुलाखत छापणाऱ्या मासिकावर बंदी घालते आणि मग शाळेतला प्रत्येक जण ते चोरून वाचतो. याहून मोठे राजकीय शिक्षण कोणते?

स्नेह्याला हे पटले. मला मात्र घरी आल्यावर स्वतःचीच शरम वाटली. मी काय केले होते? त्या मुलीचा आनंद उचलून पुन्हा उपयोगाच्या तराजूत टाकला होता. तिने ते पुस्तक राजकीय शिक्षणासाठी घेतले नव्हते. पुढे काय होते ते कळावे म्हणून घेतले होते. त्या पोरांच्या सोबत अजून एक वर्ष राहता यावे म्हणून घेतले होते. वाचून शब्दसंग्रह वाढतो, एकाग्रता वाढते, जाड पुस्तकाची भीती जाते, हे सगळे खरे असेल. शिकवणीवाल्या सरांना मी ते सांगू शकतो. पण सांगणार नाही. कारण ती दलील मान्य केली की उद्या ज्या पुस्तकाने शब्दसंग्रह वाढत नाही ते पुन्हा कपाटात जाईल.

माझे म्हणणे साधे आहे. मजा आली, एवढे कारण पुरे.

क्रिकेटची मॅच पाहताना आपण विचारत नाही की याने समाजाचे काय भले झाले. लग्नात तीन दिवस मांडव पडतो, कर्ज काढून बिर्याणीच्या देगी चढतात, तिथे कुणी हिशेब मागत नाही. मुलाच्या हातात पुस्तक दिसले की मात्र आपला हिशेबनीस जागा होतो. याचा फायदा काय? यातून बोध काय? गरिबाच्या पोराने पुस्तक घ्यावे ते औषधासारखे, नाक दाबून. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांची मुले सुट्टीत लोळत सातही भाग वाचतात. त्यांना कुणी विचारत नाही, आणि पुढे तीच मुले वाचणारी, लिहिणारी माणसे होतात. बघा, पुन्हा उपयोग सांगू लागलो. सवय जुनी आहे, जाता जात नाही.

आपल्या साहित्याबद्दलही एक कडू गोष्ट सांगायला हवी. संमेलने झाली, परिसंवाद झाले, आपल्या जगण्याचे दुःख मराठीत आले. ते यायलाच हवे होते आणि अजून यायला हवे. पण आपल्या लेखकांनी मुलांसाठी जे लिहिले त्यातले पुष्कळसे बोधाचे आहे. मुलगा खोटे बोलतो, पस्तावतो. मुलगी शिकते, कलेक्टर होते. यात एखादा अय्यार का नाही? आपल्या समुद्रकाठच्या गावांतल्या जिन्नांच्या गोष्टी, दर्ग्यातल्या उर्साच्या रात्री सांगितले जाणारे किस्से, आजीच्या तोंडची दख्खनी परी, यांची एखादी मालिका का नाही, जिचा पाचवा भाग कधी येतो म्हणून पोरे दुकानदाराला सतावतील? दिल्लीचे शेवटचे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली गेले. शमसुर्रहमान फारुकी यांनी सगळे ४६ खंड जमवले, त्यांच्यावर ‘साहिरी, शाही, साहिबकिरानी’ हा अनेक खंडांचा अभ्यास लिहिला, आणि २००५ साली त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली. दोन माणसे पांढऱ्या कपड्यांत गादीवर बसतात आणि नुसत्या शब्दांवर सभागृह हलवतात. लोक तिकीट काढून येतात. फारुकीसाहेब २०२० साली गेले, पण एक गोष्ट दाखवून गेले. ही भूक मेली नव्हती, तिला जेवण मिळत नव्हते.

जुन्या दास्तानगोंची एक कला होती, दास्तान रोखून धरण्याची. गोष्ट अगदी टोकाला आणायची आणि मग पुढे न नेता रोज नवे काही सांगत तिथेच फुलवत ठेवायची. ऐकणाऱ्याला शेवट ठाऊक असे, हमजा जिंकणार हे ठाऊक असे. त्याला शेवटाची घाई नव्हती. त्याला आज रात्री इथे बसायचे होते आणि उद्या रात्री पुन्हा यायचे होते. पुढचा भाग हाती घेणारे मूल हेच करत असते. उद्या पुन्हा यायला जागा आहे, एवढा भरवसा त्याला हवा असतो. आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुलांना तो दुसरीकडे कुठे मिळतो?

म्हणून वाचनालये चालवणाऱ्या आपल्या मंडळींना एक सांगणे आहे. आमच्या भागातल्या वाचनालयात मी स्वतः समितीवर आहे, तेव्हा दोष माझाही आहे. कपाटे पाहिली तर एक विचित्र गोष्ट दिसते. कुठलीही मालिका असो, पहिला भाग असतो. कधी दुसरा असतो. पुढचे नसतात. देणगी आली की पहिला भाग घेऊन पावती फाडायची आणि बालविभाग सुरू झाला म्हणून फोटो काढायचा. पोर पहिला वाचून दुसऱ्या दिवशी धावत येते आणि रिकाम्या हाताने परत जाते. त्यापेक्षा पहिला नसता तर बरे झाले असते. मालिका घ्यायची तर पूर्ण घ्या. सात असतील तर सातही. आणि उर्दू जाणणाऱ्यांनो, होशरुबा सोप्या मराठीत मुलांसाठी आणा. सगळे जमणार नाही. पण पहिल्या खंडावर थांबू नका. पाचव्यापर्यंत तरी चला, जिथे एका लेखकाने खाली ठेवलेली लेखणी दुसऱ्याने उचलली.

ती चिठ्ठी घेऊन शाळेत मी गेलो. वर्गशिक्षिका वाईट बाई नव्हत्या. चाळिशीतल्या, साठ मुलांच्या वर्गाने दमलेल्या. मी त्यांना म्हटले, वर्गात वाचणे चुकले, ती पुन्हा आणणार नाही. पण घरी वाचेल, आणि घरी वाचते हे तुम्हाला ठाऊक असावे. त्यांनी कपाट उघडले, पुस्तक दिले. देताना मधल्या एका पानात शाळेच्या हजेरीपटाचा फाटलेला कागद खुणेसाठी घातलेला दिसला. नातीची खूण वेगळी होती, तिने रेशमी दोरा घातला होता, तो बराच पुढे होता.

त्यांनी वर पाहिले नाही. मीही काही बोललो नाही. फक्त निघताना विचारले, पहिल्यापासूनचे भाग हवे असतील तर आमच्या वाचनालयात मागवतो आहोत, नाव लिहून ठेवू का?

त्या म्हणाल्या, "लिहा."